पहिल्या मुक्कामाचं पिठलं

आमच्या सपाट रेजिना शहरात चढ शोधावा लागतो. शोभामावशीने तो डाउनटाउनमधल्या एका चारमजली पार्किंगमध्ये शोधून काढला. मे महिना लागला, कडेचं शेवटचं मळकं बर्फ वितळलं, की ती सॅकमध्ये दहा किलो बासमतीची पिशवी घालते आणि गाड्यांसाठी केलेल्या रॅम्पवरून वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. आठवड्यातून चार दिवस. सुरुवातीला सिक्युरिटीवाल्याने तिला दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा तिने सॅक उघडून तांदूळ दाखवला. त्यानंतर त्याने काही विचारायचं सोडून दिलं; आता तो फक्त आज किती फेऱ्या झाल्या एवढंच विचारतो. सप्टेंबरात ट्रेक संपला की तोच तांदूळ घरात शिजतो. हा भात इतर भातापेक्षा जास्त दमदार लागतो, असं मावशीचं म्हणणं आहे.

मावशी बहात्तर वर्षांची आहे. लग्न होऊन इथे आली तेव्हा तेवीसची होती. सरकारी प्रयोगशाळेत तिने एकोणतीस वर्षं माती तपासली: सपाट जमिनीची, मैलोन् मैल तशाच असलेल्या गव्हाच्या शेतांची माती. उल्हासकाकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, गाडी चालवायची फार हौस होती आणि थांबायचा फार कंटाळा. त्यामुळे पहिल्या छत्तीस वर्षांत मावशीने रॉकीज पाहिले ते ताशी एकशेदहाच्या वेगाने, उजव्या खिडकीतून. रिटायर झाल्यावर तिने जयंतीमावशीला फोन केला. जयंतीमावशी म्हणजे तिची मैत्रीण, नुकतीच रिटायर झालेली भूलतज्ज्ञ. मावशी म्हणाली की मला ते डोंगर एकदा थांबलेले बघायचे आहेत.

तेव्हापासून दर सप्टेंबरला दोघी रॉकीजमधल्या एका राष्ट्रीय उद्यानात जायच्या. रस्ता नेहमी तोच. पश्चिमेच्या बाजूने चढायचं, तीन रात्री तीन हटमध्ये काढायच्या, चौथ्या दिवशी पूर्वेच्या रस्त्यावर उतरायचं. हट म्हणजे ओंडक्यांचं एकच मोठं दालन. सगळ्यांना मिळून एक गॅसची शेगडी, एक लांब टेबल, आणि माळ्यावर ओळीने टाकलेल्या गाद्या. अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून झोपायचं. शिधा ज्याचा त्याने पाठीवर आणायचा, कचराही पाठीवर परत न्यायचा.

तेरा उन्हाळे असे गेले. या वर्षी जयंतीमावशीचा गुडघा बदलला आणि प्रश्न उभा राहिला.

प्रश्न उभा केला जयदीपदादाने. दादा म्हणजे मावशीचा मुलगा. मिसिसागाला असतो, पंचेचाळीस वर्षांचा आहे, आणि आईची काळजी करणं हे त्याचं दुसरं पूर्णवेळ काम आहे. काळजीला कारणही होतं. मागच्या हिवाळ्यात मावशी दूध गॅसवर ठेवून ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करायला गेली आणि घरभर धूर झाला. तेव्हापासून दादाच्या फोनवर एका रिअल्टरचा नंबर सेव्ह आहे. दादाच्या घराचं बेसमेंट रिकामं आहे, त्याला वेगळं वॉशरूम आहे, मावशीने रेजिनाचं घर विकून तिकडे यावं, असं त्याचं म्हणणं. मावशीचं म्हणणं असं की आयुष्यभर तिने जमिनीखालचं तपासलं, आता तिला जमिनीवर राहायचं आहे.

शेवटी दादाने एक अट घातली. ट्रेक कर, पण ऊर्मीला बरोबर ने. ऊर्मी म्हणजे मी. विद्यापीठात एम.ए. करायला आले आणि मावशीच्याच घरी राहते. मला त्याने वेगळा फोन करून दुसरी अट सांगितली. मी आईवर लक्ष ठेवायचं. ती दमते का, विसरते का, वेड्यासारखं काही करते का. रोज संध्याकाळी सहा वाजता त्याने पाठवलेल्या छोट्या सॅटेलाइट यंत्रावरून एक मेसेज पाठवायचा. काही बिनसलेलं दिसलं तर परत आल्याबरोबर घर विकायला काढायचं, आणि डोंगर बंद.

हे मावशीला सांगायचं नव्हतं. मी सांगितलंही नाही. आठ तास गाडी चालवून आम्ही डोंगरांच्या पायथ्याशी पोचलो, दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बुटाच्या नाड्या बांधल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं असेल तेच कळव त्याला. उगाच माझी दया करू नकोस."

पहिल्या दिवशीचा चढ साडेपाच तासांचा. मावशी हळू चालते. पण ती एकाच लयीत हळू चालते आणि थांबत नाही. मी भराभर चालायचे आणि दर वळणावर दगड शोधून बसायचे. मी बसलेली असतानाच ती शेजारून निघून जायची. दुपारी एका उतारावर शिट्टी ऐकू आली. मी माणसं असतील म्हणून मागे वळले. मांजरापेक्षा मोठा, लठ्ठ, घुशीच्या जातीचा एक प्राणी दगडावर उन्हात बसून शिट्ट्या मारत होता. ते मार्मट होतं. मावशीने त्याला "काय रे" म्हटलं आणि पुढे गेली. त्यांची जुनी ओळख असावी.

हटवर पोचलो तेव्हा आठ जण आधीच आले होते: कॅलगरीच्या चार नर्सेस, व्हँकुव्हरचे दोन भाऊ आणि क्वेबेकचं एक जोडपं. नाकं उन्हाने सोललेली, मोजे दोरीवर वाळत टाकलेले. मावशीने सगळ्यांवरून नजर फिरवली, समाधानाने मान हलवली आणि सॅक उघडली.

त्या सॅकमधून जे निघालं ते बघून मला कळलं की ती एवढी जड का होती. डाळीचं पीठ, भाजून वाळवलेला कांदा, तुपाची बाटली, तांदूळ, दाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्यांचा डबा. तिने मोठं पातेलं शेगडीवर चढवलं आणि पिठलं केलं. दोघींपुरतं नाही, दहा जणांचं. मग वाढायला घेतलं. नर्सेस म्हणाल्या की आमचं आहे, थँक यू. मावशीने ऐकलं आणि वाढलं. भाऊ म्हणाले की आम्ही नुकतंच खाल्लं. मावशी म्हणाली, मग थोडंसंच, आणि डाव भरून वाढलं. क्वेबेकच्या बाईने ताटलीवर हात धरला. मावशी त्या हाताच्या कडेने वाढण्यात तरबेज होती.

लोक असे जेवले की मी पाहत राहिले. भावांपैकी धाकट्याने पातेलं बोटाने पुसलं. गुळाच्या पोळ्या गेल्या. दुसऱ्या दिवसासाठीचा तांदूळ शिजला आणि गेला. दाण्याची चटणी नर्सेसनी नुसती खाल्ली. मी यंत्र हातात घेऊन कोपऱ्यात बसले होते. सहा वाजले होते. हे वेड्यासारखं काही करण्यात धरायचं का, ते मला ठरवता येईना. शेवटी मी एवढंच पाठवलं: "पोचलो. सगळं ठीक."

भांडी घासताना मावशीने मला तिची पद्धत सांगितली. हळू आवाजात, शेगडीकडे बघत.

"पाठीवरचं वजन कमी करायचं असेल तर ते दुसऱ्याच्या पोटात घालायचं. दुसरा सभ्य मार्ग नाही. हीच माणसं आता आपल्याबरोबर पुढच्या दोन हटमध्ये असणार. उद्या त्या नर्सेस आपल्याला पास्ता देतील. परवा ते भाऊ काहीतरी देतील. आज वाढायचं आणि पुढे तीन दिवस हलक्या पाठीने खात जायचं."

म्हणजे तेरा वर्षं हे असं चाललं होतं. एक साधीसुधी, बुटकी, पांढऱ्या केसांची बाई दर सप्टेंबरला पहिल्या मुक्कामावर आग्रहाचं जाळं टाकत होती. मी हसत राहिले आणि मनातल्या मनात दादाला कळवून टाकलं की तुझ्या आईचं डोकं तुझ्यापेक्षा नीट चालतं.

सकाळी मावशी दारात चहाचा कप घेऊन उभी होती. नर्सेस आल्या, एकेकीने तिला मिठी मारली आणि डावीकडे वळल्या. भाऊ आले, त्यांनीही मिठी मारली आणि तेही डावीकडे वळले. क्वेबेकच्या जोडप्याने दोन्ही गालांवर ओठ टेकवले, मेर्सी, मेर्सी म्हटलं, आणि डावीकडे.

आम्हाला उजवीकडे जायचं होतं.

सगळेच्या सगळे उलट दिशेने आले होते. त्यांची ती शेवटची रात्र होती. तीन-चार तासांत ते गाड्यांपाशी पोचतील, आणि दुपारी कुठेतरी बर्गर खातील. म्हणूनच नाकं सोललेली होती, म्हणूनच ती भूक. मावशी बराच वेळ डावीकडच्या वाटेकडे बघत राहिली. रिकाम्या कपाचा कान तिने घट्ट धरला होता.

"जयंती विचारायची," ती शेवटी म्हणाली. "मी शेगडी पेटवायचे तेव्हा ती सगळ्यांशी गप्पा मारत फिरायची. कुठून आलात, कुठे निघालात. मला वाटायचं, हिला चांभारचौकशा करायची सवयच आहे."

आम्ही सॅक रिकाम्या केल्या. पोहे होते, दोन दिवस जेमतेम पुरतील इतके. मेतकूट होतं. सहा डिंकाचे लाडू, चहा, साखर आणि लिंबाच्या लोणच्याची एक डबी. परत जायचं का, मी विचारलं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी सॅक पुन्हा भरायला घेतली.

दुसऱ्या हटमध्ये एडमंटनचं एक तरुण जोडपं होतं. त्यांनी प्रत्येक जेवण घरीच वाळवून, वजन करून, पिशवीत बंद करून आणलं होतं. पिशवीवर वार आणि वेळ लिहिलेली. मला त्या पिशव्या बघूनच धडकी भरली. पण माणसं चांगली होती. आमच्या वाट्यांमधले मेतकूट-पोहे त्या मुलीने पाहिले असावेत. तिच्या भांड्यात राजमा आणि मक्याचं काहीतरी शिजत होतं, वास सगळ्या दालनात भरला होता. तिने मावशीला विचारलं की आमच्याकडे जरा जास्त झालंय, घेणार का.

आणि मावशी हसून म्हणाली, नो, नो, वी आर फाइन.

मुलीने मान डोलावली आणि उरलेलं डब्यात भरून झाकण लावलं. झालं. एकदा विचारलं, एकदा नाही म्हटलं, विषय संपला. मी टेबलाखालून मावशीच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. मावशी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत तशीच हसत बसली होती. हळूहळू ते हसू ओसरलं.

आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसलो. समोरच्या हिमनदीवर उन्हाचा शेवटचा पट्टा सरकत वर चालला होता. खाली लार्चची झाडं नुकती पिवळी पडायला लागली होती, एखादी फांदी आधी, बाकीचं झाड मागून.

"एकोणपन्नास वर्षं झाली मला इथे," मावशी म्हणाली. "इथे पहिल्याच वेळी हो म्हणायचं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. माझ्या तोंडाला अजून माहीत नाही."

सहा वाजले. पोटात भूक, आणि खरं तेच कळवायचं हे तिनेच सांगितलेलं. मी लिहिलं: "मावशीने सगळा शिधा पहिल्याच दिवशी लोकांना वाढून टाकला. थोडे पोहे उरलेत. बाकी ठीक." पाठवल्यावर मला वाटलं, यात एक वाक्य कमी आहे, ती का वाढते ते. पण ते या यंत्रावर मावलं नसतं. दादाचं उत्तर लगेच आलं: "ओके. थँक्स." मी ते मावशीला दाखवलं. तिने दोन्ही मेसेज वाचले, आधी त्याचा, मग माझा, आणि यंत्र परत दिलं. "बरोबर लिहिलंस," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती काही विनोद करेना, आणि मला ते सहन होईना.

तिसरा दिवस खिंडीचा. सगळ्यात लांब. सकाळी दोन-दोन घास पोहे खाऊन निघालो. अकराच्या सुमाराला माझे पाय थरथरायला लागले. मावशीने मला दगडावर बसवलं, डबी काढली आणि एक लाडू पुढे केला. तिचे तीन, माझे तीन अशी वाटणी होती. माझे तीनही मी आदल्या दिवशीच संपवले होते. मी म्हटलं, नको, तुझा आहे.

"बरं," मावशी म्हणाली, आणि तिने लाडूचा घास घेतला.

मी बघतच राहिले. तिने सावकाश चावून गिळला. डोळ्यांत कालपासून गेलेली ती चमक परत आली होती. मग अर्धा लाडू पुन्हा माझ्यापुढे धरला. मी या वेळी हात पुढे करून घेतला.

"बघ," ती म्हणाली. "तुझं तरुण तोंड आहे, शिकेल लवकर."

खिंडीत वारा इतका होता की बोलता येत नव्हतं. मावशी वर पोचून उभी राहिली. दोन्ही बाजूंना डोंगरामागे डोंगर, एकही हलत नव्हता. ती थोडा वेळ तसंच बघत राहिली, दर वर्षी बघत असावी तशी. मग सॅकचा पट्टा आवळला आणि उतरायला लागली. उतारावर दोनदा माझा पाय घसरला. तिचा एकदाही नाही. हे मी दादाला कळवायचं ठरवलं.

सहा वाजता आम्ही अजून उतरतच होतो, आणि नंतर कळवायची गरज उरली नाही. सात वाजता आम्ही तिसऱ्या हटपाशी पोचलो तेव्हा ओट्यावर एक माणूस प्लास्टिकच्या टबात पाय बुडवून बसला होता. बूट शेजारी, कोरे करकरीत. तो जयदीपदादा होता.

माझा मेसेज वाचून त्याने पहाटेचं विमान पकडलं होतं. कॅलगरीत उतरून एका देशी ग्रोसरीत शिरला, पूर्वेच्या रस्त्याला गाडी लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा नऊ किलोमीटर डोंगर चढून आला. दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड होते. आईला पाहून त्याचा चेहरा आधी उजळला, मग त्याने तो कडक केला. त्याने हे वाक्य वाटेत पाठ केलं असावं.

"आई, धिस इज इट. तू जेवण देऊन टाकलंस. ऑल ऑफ इट. हे नॉर्मल नाही. आपण परत गेलो की मी रिअल्टरला कॉल करतोय."

मावशीने सॅक उतरवली, ओट्याच्या कडेला टेकवली. तेव्हा मला ती पहिल्यांदा बहात्तर वर्षांची दिसली. मग तिने शांतपणे विचारलं की आमच्यासाठी काय आणलंस.

दादा सांगायला लागला. थेपले, पराठे, डाळीची पाकिटं, श्रीखंड, चिवडा. अठरा किलो होतं, खांदे मोडले. बोलता बोलता त्याचा आवाज हळू होत गेला. मावशी उठली, आत गेली, आणि भिंतीला टेकवलेली त्याची सॅक उचलली. ती एका बोटावर उचलली गेली.

आत टेबलाभोवती सस्काटूनचे सहा शाळामास्तर बसले होते, पोटं भरलेली, चेहरे तृप्त. मधोमध श्रीखंडाचा रिकामा डबा.

"सगळं वाढलंस?" मावशीने दारातून विचारलं.

दादाने टबातल्या पाण्याकडे पाहिलं. "ते नुसतं सूप पीत होते, आई. मी एकटा कसा खाणार? आणि तुम्हाला एवढा उशीर झाला. मी तुमच्यासाठी ठेवलं होतं. मग एक जण नको म्हणाला, तर मी..."

"तर तू वाढलंस."

"थोडंच वाढलं."

"आणि ही मंडळी उद्या कुठे निघाली आहेत?"

दादाने विचारलं नव्हतं. मावशीने आत वळून इंग्रजीत विचारलं तेव्हा एका मास्तरने सांगितलं की ते आजच सुरुवात करून आले आहेत, उद्या वर, खिंडीकडे. पाठीवर तीन दिवसांचं भरपूर आहे, आणि त्यात तुमच्या मुलाने इतकं खाऊ घातलं.

मावशी मागे वळली. ती हसत नव्हती. पण न हसण्यासाठी तिला बरीच मेहनत पडत होती. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, तू सांग, खरं सांग, तिचं काही चुकतंय का.

"एक प्रश्न विचारायचा राहून गेला तिचा," मी म्हटलं. "तुझाही तोच राहिला. बाकी, खिंडीतून उतरताना मी दोनदा घसरले. ती नाही."

तेवढ्यात तो मास्तर बाहेर आला. तुम्ही दोघींनी काही खाल्लेलं दिसत नाही, आमच्याकडे चीज घातलेला गरम भात आहे, घेणार का, असं त्याने विचारलं. एकदाच.

मी मावशीकडे पाहिलं. तिचे ओठ सवयीने उघडले, थांबले, आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"येस," ती म्हणाली. "प्लीज. अँड फॉर माय सन ऑल्सो. त्याने बहुतेक स्वतः काहीच खाल्लं नाहीये." शेवटचं वाक्य मराठीत होतं, पण मास्तरला कळलं.

दादाने खरंच खाल्लं नव्हतं.

सकाळी उतरताना मावशीने त्याला स्वतःचे जाड मोजे दिले आणि फोडांवर चिकटपट्टी लावली. तरी तो लंगडतच होता. ती पुढे, तो मागे. दर वळणावर ती थांबून त्याची वाट बघायची, आणि तो जवळ आला की "सावकाश, घाई नाही" म्हणायची, अगदी प्रेमाने. अर्ध्या वाटेत त्याने तिला आपणहून सांगितलं की घराचं नंतर बघू. पण गॅसची शेगडी बदलायची, आपोआप बंद होणारी घ्यायची. मावशी पहिल्याच वेळी हो म्हणाली.

हे सगळं सप्टेंबरातलं. जयंतीमावशी आता काठीशिवाय चालते, पण खिंड काही तिला जमणार नाही. म्हणून पुढच्या वर्षी विचारपूस करणारा माणूस कोण, हा प्रश्न होताच. नोव्हेंबरात एका रविवारी मावशीच्या फोनवर एक फोटो आला. मिसिसागातल्या कुठल्याशा ऑफिसचं रिकामं पार्किंग, त्याचा रॅम्प, आणि रॅम्पच्या पायथ्याशी ठेवलेली सॅक. सॅकच्या तोंडातून तांदळाची पिशवी डोकावत होती. खाली दादाने विचारलं होतं की बासमतीच लागतो का, की कुठलाही चालतो.

मावशीने चष्मा लावला आणि एका बोटाने उत्तर टाइप केलं. पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं: "कुठलाही चालेल. फक्त सप्टेंबरपर्यंत कुणाला वाढू नकोस."